राघवेंद्ररावांच्या घरातला जर्मन टोप

राघवेंद्ररावांना फक्त भांड्यांना कल्हई करून घ्यायची होती. त्यापलीकडं त्यांचा काही बेत नव्हता. पुढं या कामात जर्मनीचा बादशहा, तुळजापूरचं पोलीस ठाणं आणि चामड्याचा विटाळ अशी प्रकरणं शिरली, ती आपल्या पायांनी शिरली. त्यांना कुणी आवतण दिलं नव्हतं.

कल्हईचं कारण अगदी घरगुती होतं. भाद्रपदात अविधवा नवमी येणार होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी पितृपक्षात हा एक दिवस राखलेला असतो. त्या दिवशी एका सवाष्णीला पाटावर बसवून जेवू घालायचं, खणानारळानं तिची ओटी भरायची. ती जेवली की गेलेलीला पोचतं. राघवेंद्ररावांच्या पत्नी वनमालाबाईंचं वर्षश्राद्ध आषाढात झालं, आणि आता ही त्यांची पहिली नवमी. मुलगी प्रेमला बिदरला दिलेली, तिचे दिवस भरत आलेले, तेव्हा तिचं येणं होणार नव्हतं. पण शेजारच्या चारुशीलाबाईंनी वर्षश्राद्धाच्या पंक्तीतच सांगून ठेवलं होतं की वनमालेच्या नवमीला मी बसणार, दुसरी कुणी शोधू नका. म्हणजे सवाष्णीची काळजी मिटली होती. राहिली भांडी.

वनमालाबाई गेल्यापासून राघवेंद्रराव एका लहान भगुण्यात शिजवत आणि त्यातच जेवत. मोठी भांडी माळ्यावर पोत्यात पडून होती. नवमीचा स्वयंपाक आपण स्वतः करायचा आणि तिच्याच भांड्यांत करायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं. श्रावणातल्या एका सोमवारी त्यांनी पोतं खाली ओढलं. तोंडाची गाठ वनमालाबाईंनी मारलेली होती आणि ती काही केल्या सुटेना. सुरीनं कापता आली असती. राघवेंद्ररावांनी सुरी आणली, थोडा वेळ हातात धरली आणि परत जागेवर ठेवली. मग पोतं तसंच उचलून लिंबाखाली बसलेल्या कल्हईवाल्याकडं दिलं आणि घरी येऊन पडले.

घटकाभरानं कल्हईवाला दारात उभा. हातातल्या सांडशीत एक काळं चकचकीत भांडं, त्याच्या बुडाला पितळी टोक, अंगावर पंख पसरलेला पितळी गरुड.

"मालक," त्यानं विचारलं, "याला कल्हई आतून मारायची का बाहीरून?"

भांडं सरळ केलं तेव्हा तो टोप निघाला. लढाईत साहेब लोक डोक्यावर घालतात तसला. कल्हईवाल्यानं धातू समजून तो भट्टीवर धरून पाहिला होता आणि तेवढ्यात तो चामड्याचा असल्याचं साऱ्या गल्लीला कळलं होतं. गल्ली पुजाऱ्या-उपाध्यांची. श्रावणी सोमवारी निम्मी माणसं उपाशी आणि निम्मी सोवळ्यात, म्हणजे नाकं सगळ्यांचीच तीक्ष्ण. जळक्या चामड्याचा वास आला तशी दारं उघडली, आणि प्रत्येक दारातून निघालेली नजर येऊन राघवेंद्ररावांच्या दारावर थांबली.

राघवेंद्ररावांना मग आठवलं. हा टोप त्यांच्या मामेसासऱ्यांचा. वनमालाबाईंचे हे मामा निजामाच्या घोडदळातून पहिल्या महायुद्धात मिसरकडं गेले होते आणि तिकडून भाचीला भेट म्हणून हा टोप घेऊन आले होते. भाचीला खेळणं आणावं, बांगड्या आणाव्यात, एवढं मामांना कुणी सांगितलं नसावं. लग्नानंतर टोप रुखवताबरोबर या घरात आला. नव्या नवरदेवानं तो एकदा पाहिला, हे इथं नको म्हणाला आणि विसरून गेला.

पण आता हातात घेतल्यावर त्यांना दिसलं की गरुड लख्ख आहे. माळ्यावरचं बाकीचं पितळ काळं पडलेलं आणि हा पक्षी देव्हाऱ्यातल्या समईसारखा. पंखांच्या खाचेत चिंचेचा एक धागा अडकून वाळला होता. कुणीतरी हा टोप सणासुदीला खाली काढून, घासून, पुन्हा पोत्यात घालून ठेवत असलं पाहिजे. या घरात चिंचेनं पितळ घासणारं माणूस एकच होतं. एवढ्या संसारात तिनं त्यांना हे कधी सांगितलं नव्हतं.

तोवर चारुशीलाबाई दारात आल्या होत्या. चामड्याशेजारी नैवेद्याची भांडी, एकाच पोत्यात, असं त्यांनी तीनदा तीन सुरांत म्हणून दाखवलं. वनमालेनं असलं काही केलं नसतं, हेही म्हणाल्या. वनमालेनंच केलं होतं, हे राघवेंद्ररावांना ठाऊक होतं. पण गेलेल्या बायकोचा गुन्हा शेजारणीला सांगणारे ते नव्हते. "मीच ठेवला," ते म्हणाले, आणि तिथून त्यांच्या माथी जे लागलं ते लागलंच.

चारुशीलाबाईंचे यजमान अण्णा उपाध्ये हे गल्लीचं शास्त्र. त्यांनी आधी भांडी निकालात काढली. भट्टीवर तापली म्हणजे शुद्ध झाली, विषय संपला. पण टोपाकडं ते बराच वेळ बघत राहिले.

"कुणाचा हा?"

"मामेसासऱ्यांचा."

"त्यांनी घातला होता का?"

"छे, जर्मन साहेबाचा आहे तो."

"मग साहेब कुठं आहे?"

राघवेंद्ररावांनी टोप उलटा करून आत पाहिलं.

"टोपी इथं आली म्हणजे डोकं तिथंच राहिलं," अण्णा म्हणाले. "घरापासून लांब मेलेला माणूस. ना अग्नी, ना पाणी. आणि त्याची टोपी तुमच्या माळ्यावर. अडकलेला जीव आहे राव हा."

उपाय मात्र सोपा होता. पितृपक्ष तोंडावर आलाच होता. सर्वपित्री अमावास्येला साहेबाच्या नावानं एक पिंड टाकायचा. गोत्र माहीत नसेल तर कश्यप धरतात, तशी सोय आहे. तिथी माहीत नसेल तर अमावास्या, तीही सोय आहे. फक्त नाव पाहिजे. नावाशिवाय संकल्प सुटत नाही.

अशा रीतीनं तुळजापुरातल्या एका निवृत्त नकलनविसावर जर्मन साहेबाचं नाव शोधून काढायची जबाबदारी पडली. ती त्यांनी झिडकारली नाही, याचं गल्लीला नवल वाटलं. खरं म्हणजे वर्षभरात त्यांच्यावर कुठलीच जबाबदारी पडली नव्हती.

पहिला सल्ला भांड्यांचे दुकानदार शरणबसप्पा यांचा. ते म्हणाले की एक वस्तू बघून काही कळत नसतंय, धा बघितल्या की कळतंय, आमच्या धंद्यात तसंच असतंय. तेव्हा असले टोप गोळा करा. मामा एकटेच का गेले होते मिसरला? इकडची लई माणसं गेली होती त्या घोडदळात, सगळ्यांनी काही ना काही आणलं असणार. आणि त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, यात्रेकरूला आणि एसटीच्या कंडक्टरला सांगायला सुरुवात केली की राघवेंद्रराव टोप जमवतात.

दुसरा सल्ला शिवलिंग दफेदारांचा. हे स्वतः त्या लढाईतले पेन्शनर. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं मिसरमध्ये पकडलेल्या जर्मन साहेबांच्या सामानावर त्यांचाच पहारा होता. कधी कधी त्यांच्या बोलण्यात ते साहेबही त्यांनीच पकडलेले असत. दफेदारांनी टोप मांडीवर घेतला आणि वैद्यानं नाडी बघावी तसा बघितला.

"अफसर है," ते म्हणाले.

कशावरून, ते त्यांनी दाखवलं. टोकाच्या बुडाशी जे खिळे होते त्यांची डोकी चांदणीसारखी होती. शिपायाच्या टोपाला साधी गोल असतात. टोकाच्या मानेभोवती बारीक मण्यांची कडी होती, ती फक्त अफसराला. हनुवटीखालचा पट्टा माशाच्या खवल्यांसारख्या पितळी पत्र्यांचा, आणि पत्रे फुगीर. आत रेशमाचं अस्तर. शिपायाला रेशीम कोण देतो? टोकाच्या जागी गोळा असता तर तोफखान्याचा म्हटला असता. गरुड म्हणजे बादशहाच्या स्वतःच्या मुलखाचा. दुसऱ्या मुलखांचे टोप वेगळे, कुणाचा सिंह, कुणाची चांदणी.

राघवेंद्ररावांनी हे अण्णांना येऊन सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हुद्दा कळला, चांगलं झालं. पण संकल्पात हुद्दा चालत नाही.

अस्तराच्या आत सोनेरी अक्षरांचा एक शिक्का होता. शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांनी चष्मा पुसून तो वाचला आणि हे बर्लिनच्या दुकानदाराचं नाव असल्याचा निर्णय दिला. दफेदारांनीही त्याला दुजोरा दिला. अफसर लोक टोप स्वतः शिवून घेत, त्यामुळं आत दुकानदार सापडतो, मालक सापडत नाही. अण्णांनी दुकानदाराच्या नावानं पिंड टाकायला साफ नकार दिला. तो जिवंत असला म्हणजे?

इकडं शरणबसप्पांच्या प्रचाराला फळं येऊ लागली. येरमाळ्याहून एकजण देवळाच्या शिखरावरचा पिचलेला कळस घेऊन आला. सोलापूरच्या गिरणीतल्या बंबवाल्याचं शिरस्त्राण आलं. निजामाच्या पोलिसाचा बिल्ला आला, पण टोपी नव्हती. एका बाईनं तेलाच्या गाळणीला दोरी लावून आणली आणि ही जर्मनच आहे, असं छातीला हात लावून सांगितलं. राघवेंद्रराव प्रत्येकाला आत बोलवत, चहा टाकत, वस्तू उलटी-पालटी करून बघत. चांदण्यांचे खिळे आहेत का? मण्यांची कडी आहे का? नाही. मग माणूस कुठला, पाऊसपाणी काय म्हणतंय, घरी कोण कोण आहे, हे विचारत. वस्तू ते ठेवून घेत. परत नेताना माणसाला वाईट वाटू नये, एवढाच त्यात हेतू, असं ते म्हणत. पण वस्तू ठेवली की माणूस पुन्हा तुळजापूरला आला की ती बघायला येतो, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नव्हता. माजघराच्या भिंतीला फळी ठोकून त्यावर सगळं मांडलं होतं. मधोमध साहेब, बाजूला गाळणी.

आता नावाचा शोध लावायचा तर मुंबईला जर्मन सरकारची कचेरी होती. एक पाकीट घ्यायचं, तिकीट लावायचं, टाकायचं. दुसरा कुणी असता तर त्यानं हेच केलं असतं. पण राघवेंद्ररावांनी निजामाचं सरकार, हैदराबादचं सरकार आणि मुंबईचं सरकार या तिन्ही सरकारांच्या कागदांच्या नकला केल्या होत्या. थेट वर लिहिणं त्यांच्या हाताला जमेना. त्यांनी अर्ज लिहिला तो तहसील कचेरीमार्फत.

कचेरीत त्यांच्याच हाताखाली तयार झालेला कारकून होता. त्यानं त्यांना उभं ठेवलं आणि मयत साहेबाशी आपलं नातं काय, असं विचारलं. राघवेंद्ररावांनी विचार करून मामेसासऱ्यांकडून असं सांगितलं. कारकुनानं ते तसंच लिहून घेतलं. मग विषय लष्करी वस्तूचा म्हणून कागद पोलिसांच्या अभिप्रायाला गेला आणि फौजदार बलभीमरावांचा निरोप आला, की वस्तू घेऊन ठाण्यावर हजर राहावं.

पिशवीत घातला तर टोकानं पिशवी फाटली. धोतराच्या सोग्यात धरला तर पावसात छत्री धरायला हात उरेना. शेवटी राघवेंद्ररावांनी इकडं तिकडं बघितलं आणि टोप डोक्यावर घातला. बसला छान. पण ठाण्याची वाट देवळाच्या रस्त्यानं जाते आणि नुकत्याच सोलापूरच्या दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या. यात्रेकरूंनी डोक्यावर तळपणारा गरुड आणि त्याखालचं पांढऱ्या मिशांचं गंभीर तोंड बघितलं. आईचा कुणी मानकरी असणार असं त्यांना वाटलं असावं. एका म्हातारीनं वाकून नमस्कार केला. दुसरीनं टाचा उंच करून गरुडाच्या छातीवर हळदकुंकू लावलं. त्यामागं रांग लागली. राघवेंद्रराव नाही नाही म्हणत होते, पण मानकऱ्यांनी असं म्हणायचंच असतं, असा लोकांचा समज झाला. ठाण्यावर पोचेपर्यंत साहेबाच्या गळ्यात झेंडूची माळ होती.

बलभीमरावांनी बराच वेळ टोपाकडं आणि त्याखालच्या राघवेंद्ररावांकडं पाहिलं.

"हा देव हाय का हत्यार, ते आधी ठरवा," ते म्हणाले. "देव असंल तर आमच्याकडं येत न्हाय. हत्यार असंल तर परवाना दाखवा."

"टोपी आहे हो."

"टोपीचा कायदा न्हाय."

टोकाची लांबी मोजली. शिपायानं ते बोटाला टोचून बघितलं आणि टोचतंय म्हणाला. पंचनामा झाला. त्यात ‘काळ्या रंगाचा टोकदार टोप एक, हळदकुंकू लावलेला, आत डोकं नसलेला’ अशी नोंद झाली. शेवटी वरून हुकूम येईपर्यंत मुद्देमाल राघवेंद्ररावांच्याच ताब्यात द्यायचं ठरलं. अट एवढीच की तो राहत्या घरातून हलवायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, मोडायचा नाही. त्यांनी सही केली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्यांच्या नकला केल्यावर आता मुद्देमालाखाली स्वतःची सही करावी लागली, हे त्यांच्या मनाला फार लागलं. येताना त्यांनी टोप छत्रीखाली धरला आणि स्वतः भिजले.

पितृपक्ष लागला. साहेबाचं नाव सापडलेलं नव्हतं, अर्ज कचेरीतून बाहेर पडलेला नव्हता. गल्लीत मात्र नवं नवं ऐकू येत होतं. राघवेंद्ररावांच्या माजघरात मेलेल्यांच्या टोप्यांची रांग लावलीय, असं बायका पाण्यावर बोलत. कुणी म्हणे रात्रीच्याला त्या आपसात बोलतात. दूधवालीनं दूध ओट्यावर ठेवायला सुरुवात केली.

नवमीच्या आधल्या दिवशी चारुशीलाबाई परसातल्या भिंतीशी आल्या. राघवेंद्रराव पुरणाची डाळ निवडत होते.

"भावजी, उद्याचं सांगायला आले. तो टोप घरात असताना मला उंबरा ओलांडता यायचा नाही."

राघवेंद्ररावांनी ताट खाली ठेवलं.

"बाकीचं सगळं आज शरणबसप्पाकडं देऊन टाकतो," ते म्हणाले. "गाळणीसुद्धा."

"आणि साहेब?"

"साहेबाला हलवता येत नाही, वहिनी. पोलिसांचा हुकूम आहे."

"मग मलाही हलता येत नाही. मलाही हुकूमच आहे. चामडं, मेलेल्याचं, त्यात नाव नाही गाव नाही. त्याच्याशेजारी बसून मी वनमालेच्या नावाचा घास कसा घेऊ?"

बोलता बोलता त्या भिंतीवरचं शेवाळ नखानं खरडत राहिल्या. त्यांनाही हे सोपं जात नव्हतं, हे राघवेंद्ररावांना दिसलं. पण त्यामुळं काही हलत नव्हतं. कायद्यानं टोप घरातून बाहेर जाऊ शकत नव्हता आणि धर्मानं चारुशीलाबाई घरात येऊ शकत नव्हत्या. ते संध्याकाळी फौजदारांकडं गेले. एक दिवसापुरता टोप ठाण्यात ठेवून घ्या म्हणाले. बलभीमरावांनी नाही म्हणून मान हलवली. पितरांच्या पंधरवड्यात ठाण्यात असली वस्तू नको, शिपाई रात्रपाळीला थांबायचे न्हाईत.

मग राघवेंद्रराव चार घरं फिरले. एकीचा उपास होता. एकीच्या घरी सासूचीच नवमी होती. एकीनं दाराआडूनच घरी नसल्याचं सांगितलं. बाकीच्या वस्तू त्यांनी शरणबसप्पांकडं पोचवल्या होत्याच. फळीवर साहेब एकटा राहिला. त्या रात्री त्यांनी त्याच्याकडं पाठ करून जेवण केलं.

नवमीला ते पहाटे उठले. अंघोळ करून सोवळं नेसले आणि स्वयंपाकाला लागले. वरण, आमटी, खीर, पुरण, अळूची भाजी, भरडा घातलेले वडे. भांडी कल्हईनं चांदीसारखी झाली होती. कुणासाठी करतोय, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. पुरण वाटताना वरवंटा निसटला, पायावर पडला, तरी थांबले नाहीत. पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढायचा प्रयत्न केला. ती कुठल्या तरी तालुक्याच्या नकाशासारखी झाली. दोन पानं वाढली, एक कावळ्याचं, एक सवाष्णीचं. कावळ्याचं पान घेऊन ते परसात गेले. कावळा आला, जेवला, उडून गेला. सवाष्णीचं पान माजघरात तसंच राहिलं.

राघवेंद्रराव ओट्यावर येऊन बसले. पलीकडच्या दारात चारुशीलाबाई बसल्या होत्या. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. ऊन डोक्यावर आलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक जोडपं चौकशी करत आलं. पुरुषाच्या खांद्यावर घोंगडी, बाईच्या काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी. लोहाऱ्याकडचे धनगर, बब्रुवान आणि त्याची बायको म्हाळसाबाई. कंडक्टरनं सांगितल्यावरून ते सकाळच्या गाडीनं निघाले होते आणि वाटेत गाडी बंद पडली होती.

"टोपवाले काका तुमीच का?" म्हाळसाबाईनं विचारलं आणि फडकं सोडलं. आत टोप होता. खराखुरा. गरुड तोच, पण वर टोकाच्या जागी गोळा. राघवेंद्ररावांचे हात आपोआप पुढं गेले. गोळा, म्हणजे तोफखाना. खिळे गोल, मण्यांची कडी नाही, आत साधं चामडं, म्हणजे शिपाई. हे सगळं त्यांनी सांगितलं. बब्रुवान हं हं म्हणत राहिला. त्याचा बाप त्या घोडदळात घोड्यांच्या चाकरीला होता.

"ह्यात आमची खुडूक कोंबडी बसती अंडी उबवायला," म्हाळसाबाई म्हणाली. "दुसरीकडं बसतच न्हाय ती. इकायचा न्हाय आमाला. म्हणलं, असले टोप ठेवणारं दुसरं कोण हाय ते बघून यावं."

तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. हातभर हिरव्या बांगड्या होत्या. राघवेंद्ररावांनी ते आत्ता बघितलं.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"कुठलं. गाडीच्या नादात भाकरी तशीच ऱ्हायली."

शास्त्रात सवाष्ण म्हटलंय. कुठल्या गावची, कुठल्या घरची, ते म्हटलेलं त्यांनी तरी ऐकलं नव्हतं. अण्णांना विचारायला जायची सोय होती, पण त्यांनी ती घेतली नाही. "आत या," ते म्हणाले. "माझ्या मंडळींची नवमी आहे. पान वाढून ठेवलंय. तुम्ही बसलात तर फार बरं होईल."

म्हाळसाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. बब्रुवान म्हणाला की बस की, नवमीला न्हाय म्हणू नये. ती हातपाय धुऊन आत आली. फळीवरचा साहेब तिनं बघितला. ह्याला टोक हाय, ह्यात कोंबडी बसायची न्हाय, म्हणाली आणि पाटावर बसली. तिनं वनमालाबाईंचं नाव विचारलं, हात जोडले आणि जेवायला सुरुवात केली. आमटीचा भुरका मारला आणि थांबली.

"काका, मीठ न्हाय की ह्यात."

 नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, म्हणून राघवेंद्ररावांनी चाखला नव्हता. वनमालाबाईही चाखत नसत. त्यांचं मीठ कधी चुकलेलं त्यांना आठवेना.

"आणतो," म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. तिथं त्यांना मिठाचा सट सापडायला बराच वेळ लागला, खरं म्हणजे तो समोरच होता. डोळे पुसून त्यांनी पातेल्यातच मीठ घातलं आणि तिला नव्यानं आमटी वाढली. म्हाळसाबाई पोटभर जेवली. बब्रुवानचं पान त्यांनी ओट्यावर मांडलं.

आता ओटी राहिली. ओटी पुरुषानं भरायची नसते, तिला बाईच लागते. राघवेंद्रराव ओट्यावर आले आणि पलीकडं बघून म्हणाले, "वहिनी, ओटी भरायला कुणी नाही."

चारुशीलाबाई उठल्या. आपल्या घरात गेल्या, बाहेर आल्या तेव्हा हातात स्वतःचं तबक होतं. उंबऱ्यापाशी येऊन थांबल्या. म्हाळसाबाई आतून उंबऱ्याला येऊन उभी राहिली. एक आत, एक बाहेर, अशी ओटी भरली गेली. खण, नारळ, तांदूळ, गजरा. चारुशीलाबाईंनी तिला वाकून नमस्कार केला आणि तशाच वाकून बराच वेळ राहिल्या.

मग सरळ होऊन त्या ओट्यावर बसल्या.

"मलाही वाढा भावजी. इथंच. ओटा काही घरात येत नाही."

राघवेंद्रराव घाबरले. पंचनाम्यात राहतं घर म्हणजे कुठवर, ते लिहिलेलं नव्हतं, आणि ओटा घरात धरला तर चारुशीलाबाईंना उठावं लागणार होतं. मग ते एकदाचं बोलून गेले.

"नाहीच येत. ओटा नगरपालिकेच्या जागेत आहे. अतिक्रमण आहे ते."

हे चारुशीलाबाई गेली कैक वर्षं म्हणत होत्या आणि राघवेंद्रराव ओटा माझाच, कागद दाखवीन म्हणत आले होते. पण आज बाईंनी विजय मिरवला नाही. पदर खोचून पान पुढं ओढलं, वनमालेच्या नावानं पहिला घास घेतला, मग आमटी. नवमीच्या जेवणाला नावं ठेवत नाहीत. त्यांनी दुसरा भुरका घेतला. मग राहवलं नाही.

"खारट झालीय," त्या म्हणाल्या.

"माझ्या वेळंला आळणी हुती," आतून म्हाळसाबाई म्हणाली.

दोघी तिथंच बोलायला लागल्या, आमटीत मीठ कधी घालावं यावर. बब्रुवान मधे पडला आणि दोघींनी त्याला गप्प बसवलं. राघवेंद्रराव पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभे होते. वर्षभर त्यांनी रोज दोन्ही वेळेला स्वयंपाक केला होता. आज पहिल्यांदा त्याला कुणी नावं ठेवत होतं, आणि ते तिथून हलत नव्हते.